शिंपीकाकांचा स्पॅनिश 'मी'

चार वाजता व्याह्यांचा व्हिडिओ कॉल यायचा होता, आणि शिंपीकाकांचं सगळं स्पॅनिश गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन बसलं होतं.

त्याचं असं झालं. लेकीनं परदेशी मुलगा पसंत केला. मुलाच्या आईवडिलांना स्पॅनिशशिवाय काही येत नाही. "दुभाष्या मधे घालून सोयरीक जमवायची म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवायचा," असं म्हणत काका स्वतःच भाषा शिकायला बसले. बाकी ठिकाणी गुणी बाळासारखी वागणारी क्रियापदं 'मी' आला की बिघडायची. करणं म्हणजे 'आसेर', पण मी करतो 'आगो'. जाणं 'ईर', तर मी जातो चक्क 'वॉय'! ही वाह्यात रूपं पाठ व्हावीत म्हणून काकांनी ती मापाच्या चिठ्ठ्यांमागे लिहून कपड्यांना टाचली. शिवता शिवता घोकंपट्टी!

सकाळी काकूंनी सगळे कपडे इस्त्री करून चिठ्ठ्यांसकट पोचते केले. काकांच्या हे लक्षात आलं साडेतीनला.

"अगं, माझा 'मी' गेला!"

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "घरात जरा जागा झाली."

काकांनी डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, नव्या कोटाच्या कॉलरमागे काय लिहिलंय, वाचा बरं."

"'आगो, मी करतो.' काका, पेशंट बसलेत हो."

"आता पँट बघा."

"पँट मी घातलीय."

"मग काढा की! लेकीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"म्हणून सकाळपासून टोचतंय होय!" डॉक्टर कळवळले.

'वॉय' मिळालं. हेडमास्तरांच्या जाकिटातून 'तेंगो, माझ्याजवळ आहे' आणि बँकेतल्या साहेबांच्या शर्टातून 'से, मला ठाऊक आहे' सुटून आलं.

फोन वाजला. लेकीचं पुढचं आयुष्य आपल्या जिभेवर आहे या विचारानं काका फोनपुढे ताठ बसले. मग मात्र गाडी सुटली ती सुटलीच. मी करतो! मी जातो! माझ्याजवळ आहे! मला ठाऊक आहे! पडद्यावरचे मिशाळ व्याहीही छाती ठोकून काहीतरी सांगत होते. वीस मिनिटं दोघांतला एकही थांबेना.

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "त्यांना एक तरी प्रश्न विचारलात का?"

काका चपापले. 'तुम्ही'पर्यंत ते पोचलेच नव्हते. लेकीचं जमलेलं लग्न आपण मोडलं, असं वाटून ते मशीनपाशी मटकन बसले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, सासूबाई विचारतायत, तारीख कधी धरायची? म्हणाल्या, असाच एक माणूस त्यांनी तीस वर्षं सांभाळलाय, तेव्हा तुझं नि त्यांचं छान जमेल."