सळईवरचा सातवा मणी

निळ्या काचेच्या अकरा मण्यांची माळ माईंनी चांगल्या कढत पाण्यात बुडवली, वर मूठभर साबणाची पूड टाकली आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढली, तेव्हा दोऱ्यात मणी दहाच होते. सातवा मणी पातेल्याच्या तळाशी दोन फाकांत पडला होता, सुरीने कापावा तसा. फाकांच्या कडांना काहीतरी पिवळट, चिकट लागलं होतं.

"साबण मेला धड विरघळतसुद्धा नाही," म्हणत माईंनी ते पुसून टाकलं. मग काय झालंय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मणी पुन्हा एकदा मोजले.

माळ माईंच्या सासूची. जाताना तिने लेक आणि सून दोघींना एका मापात बसवलं होतं. एक वर्ष माळ लेकीकडे, एक वर्ष सुनेकडे. देण्याघेण्याच्या दिवशी दोघी समोरासमोर बसायच्या, एकेक मणी उजेडात धरायच्या आणि खोट सापडते का बघायच्या. तीस वर्षांत माईंनी नणंदेला बोट ठेवायला जागा दिली नव्हती. उलट तीन वर्षांपूर्वी माळेची गाठ सैल आली, तेव्हा तिला अर्धा तास उभं-आडवं सोलून काढलं होतं. चहा गार झाला तरी माई गार झाल्या नव्हत्या.

आता नणंद गुरुवारी चार वाजता माळ न्यायला येणार होती. आणि आज सोमवार होता.

माईंची सून मागच्या खोलीत गॅसच्या बर्नरवर काचेचे मणी करायची. माई या उद्योगाला 'काच शिजवणं' म्हणत आणि त्या खोलीत पाऊल ठेवत नसत. त्या दिवशी मात्र पदर खोचून त्या दारात उभ्या राहिल्या.

"मला शिकव."

सुनेने डोळ्यांवरचा रंगीत चष्मा वर केला. "काय शिकवू, माई?"

"हेच. काच शिजवायचं."

फाका बघून सून हळहळली. "द्या इकडे, मीच करून देते तसा."

"अजिबात नको. माझ्या हातून फुटलाय, माझ्याच हातून होईल. उद्या वन्सं म्हणायच्या, सासूने फोडलं आणि सुनेने झाकलं."

"माई, मला हे जमायला चार महिने लागले."

"तुला लागले असतील. मी चाळीस वर्षं विस्तवाशी संसार केलाय."

पहिल्या दिवशी माईंनी निळ्या काचेची कांडी थेट ज्योतीच्या पोटात खुपसली. फट्‌ करून आवाज झाला आणि काचेचे कण उडून खोलीभर सांडले.

"हळूहळू तापवायची, माई! आधी ज्योतीच्या टोकाला, लांबून!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तीन वेळा सांगितलं."

"चौथ्यांदा सांगायचं!"

मंगळवारी सुनेने एक बारीक पोलादी सळई पांढऱ्या मातीच्या लेपात बुडवून, वाळवून माईंच्या हाती दिली. एका हाताने सळई फिरवत राहायचं, दुसऱ्या हाताने वितळलेली काच तिच्यावर गुंडाळायची. पहिला गोळा बटाट्यासारखा झाला, दुसरा वांग्यासारखा. तिसरा बऱ्यापैकी गोल आला. सून म्हणाली, "आता हा रात्रभर भट्टीत हळूहळू निवू द्यायचा." एवढं म्हणून ती दार उघडायला गेली आणि तेवढ्यात माईंनी मणी गार पाण्यात बुडवला. टच्‌ झालं. परत येऊन सुनेने तुकडे बघितले आणि केरसुणी आणली. त्या केरसुणीचाच माईंना जास्त राग आला.

बुधवारी सून कामाला बाहेर गेली होती. माई एकट्याच बर्नरपुढे बसल्या. लेपाचा डबा त्यांनी उघडला, आतला राडा बघून नाक मुरडलं आणि झाकण लावून टाकलं. असली घाण लावल्यावर मणी आतून स्वच्छ कसा दिसणार? त्यांनी सळई घासूनपुसून चांदीसारखी लखलखीत केली आणि कामाला लागल्या. काय सांगावं, मणी असा उतरला की सासूबाई उठून आल्या असत्या तरी फसल्या असत्या! तोच निळा, तेवढाच गोल. माईंनी तो स्वतःच्या हाताने भट्टीत ठेवला आणि रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवारी सकाळी सुनेने मणी बाहेर काढला. "अगंबाई, माई! कमाल केलीत हो!" मग तिने मणी ओढला. पुन्हा ओढला. "माई, सळईला माती लावली होती ना?"

"माती कशाला? मी स्वच्छ सळई घेतली."

"मातीमुळेच तर मणी सुटतो. आता हा सळईला जन्माचा चिकटला. तडकला नाही हेच नवल."

माईंनी तेल सोडून बघितलं. मग आजोबांना हाक गेली. आजोबा म्हणजे माईंचे यजमान, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. एका बाजूने त्यांनी सळई ओढली, दुसऱ्या बाजूने माईंनी. माईंचा हात तेलाने निसटला आणि आजोबा सळईसकट कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसले.

"अहो, मण्याला लागलं नाही ना?"

"मी ठीक आहे," आजोबा टोपलीतून म्हणाले.

शेवटी अक्कलही त्यांनीच चालवली. मण्याच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढी सळई ठेवून बाकीची कापली आणि पकडीने दोन्ही टोकं वळवून इवल्याशा कड्या केल्या. दोरा आता मण्यातून नाही, कड्यांतून ओवला. शेवटची गाठ बसली आणि दाराची घंटा वाजली.

नणंद आली, पाणी प्यायली, खिडकीशी बसली. माळ हातात घेतली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. पाच, सहा. सातव्याला नणंदेचं बोट थांबलं. तिने मणी उजेडात धरला, कड्या बघितल्या आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी, तुम्हाला कळलं तर."

"काय कळलं?"

"तीन वर्षांपूर्वी हा माझ्या हातून पडून दुभंगला होता. गोंदाने चिकटवून दिला तुम्हाला. गाठसुद्धा मुद्दाम सैल ठेवली, म्हटलं, तुम्ही गाठीवरून बोलत बसाल आणि मणी बघायचं राहून जाईल."

माईंना पातेल्यातलं ते पिवळट चिकट आठवलं.

"आणि तुम्ही नवा मणी घडवलात, पण एका शब्दाने बोलला नाहीत!" नणंदेने डोळ्यांना पदर लावला. "तीन वर्षं झोप नव्हती हो मला."

"अहो वन्सं, तसं काही नाही. मीच तो कढत पाण्यात..."

"पुरे, वहिनी! मला सावरायला आता आळ स्वतःवर घेऊ नका."

"अहो, खरंच सांगते..."

"एवढं मोठं मन!"

दारात सुनेला खोकल्याची उबळ आली. माईंनी तिच्याकडे असं बघितलं की खोकला जागच्या जागी बरा झाला. मग त्या मागे रेलल्या. चार दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला होता, आणि समोर नणंदेचाही उतरला होता. एवढ्या हलक्या झालेल्या बाईला पुन्हा जड कशाला करायचं?

"घरातलीच माणसं आपण," माई म्हणाल्या. "बोलून काय दाखवायचं?"

नणंद माळ पुन्हा निरखत होती. "या कड्या मात्र झकास हां. दोरा घासायचा नाही. मला कड्यांचे असे सहा मणी करून द्याल? नातीच्या गळ्यात घालीन."

"सहा काय, आठ देते," माई म्हणाल्या.

नणंद गेल्यावर सून हळूच म्हणाली, "माई, उद्या सळयांना माती लावून वाळत ठेवू ना?"

"खुळी का काय तू?" माई कडाडल्या. "खबरदार मातीच्या डब्याला हात लावलास तर!"