नव्वद कोसी तोफ आणि निळ्या ठाण्याची अखेर

श्रीगजवदनास वंदन करून, आणि ज्या नभोमंडळी आम्ही दोन वर्षे नांदलो त्याचे स्मरण करून, ही हकिकत जैसी देखिली तैसी लिहिली असे. शके १९३१, विरोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमास. ते समयी संगणकाच्या पडद्यावर आकाशात एक राज्य वसले होते, आणि तेथील सरदार कोणी मिरजेस, कोणी चाळीसगावी, आपापल्या घरी बसून, कानास यंत्र लावून, परस्परांची मुखे न पाहता केवळ स्वराने ओळखून तारवे हाकीत. आमचे सरलष्कर निंबाजीराव, त्यांचे तारू डोंगराएवढे. त्यावर गोलंदाज हंसाजी, बोलका आणि टवाळ. आणि ही हकिकत लिहिणारा सेवक तो चिटणीस. शत्रू किती कोसांवर आला ते पडद्याच्या कोपऱ्यात टंकून कळवावे, इतकीच चाकरी. बोलण्याचा संकोच फार, म्हणोन सेवकाने आपला स्वर कोणास ऐकविला नव्हता, आणि मंडळींनी ते मायेने चालवून घेतले. राज्याचा नेम ऐसा की, ज्यांचे अखेरचे ठाणे पडेल त्यांचे निशाण उतरावे आणि त्यांची बोलण्याची सदरही कायमची मिटावी. आमचे एक निळे ठाणे तेवढे उरले होते.

मग निंबाजीरावांनी जुनी वीस कोसांची चपळ तोफ उतरविली आणि नव्वद कोसांची चढविली. हंसाजी म्हणाला, "दादा, पल्ला झकास आहे, पण हिचं तोंड वळेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. कोणी जवळ येऊन फिरायला लागला तर?" निंबाजीराव हसून म्हणाले, "नव्वद कोस ओलांडून जवळ येतोय कोण? तू चहा पी." सर्व हसले, आणि सेवकही आपल्या खोलीत एकटाच हसला.

पुढे रविवारी दुपारी शत्रू आला. मोठी तारवे दूर ठेवून त्याने गांधीलमाश्यांएवढ्या बारा नौका सोडल्या. त्या वेगाने आत शिरल्या आणि आमच्या तारवाभोवती दोन कोसांवर गरगर फिरू लागल्या. तोफ एकीकडे वळे, तो नौका दुसरीकडे जाई, आणि गोळे रिकाम्या आकाशात जात. हंसाजी ओरडला, "दादा, माझी तोफ यांना फक्त टाटा करतेय!"

सेवक रोज अंतरे पाहात असे, म्हणोन त्यास उपाय उमगला: आपण नाकासमोर धावावे, म्हणजे नौकांस मागे रांगेने धावणे प्राप्त होईल, आणि रांगेतली नौका तोफेस स्थिर दिसेल. हे त्याने टंकिले. कोणी वाचले नाही. पुनः टंकिले. तिकडे दूरची तारवे ठाण्यास भिडली, आणि तट ढासळू लागला. तेव्हा सेवकाने बोलण्याचे यंत्र उघडिले आणि तो म्हणाला, "दादा, सरळ पळा. फिरू नका. सरळ."

"हा कोण?" निंबाजीरावांनी विचारले. "अहो, आपला चिटणीस!" हंसाजी म्हणाला. "याला आवाज आहे!" "मग ऐका त्याचं," ऐसे म्हणोन निंबाजीरावांनी तारू सरळ सोडिले, आणि नौका मागे लागल्या, आणि तोफेने एकामागून एक सात पाडिल्या. उरलेल्या पळाल्या. परंतु मागे वळून पाहतात तो निळे ठाणे विझले होते.

निशाण उतरले. सदर मिटण्यास दहा पळे होती. मग निंबाजीराव म्हणाले, "चिटणीस, आधी बोलला असतास तर..." आणि थांबले. "असू दे रे. चूक माझी, तोफ मीच आणली. तुझं खरं नाव काय?"

सेवकाचे नाव ओठांपर्यंत आले, आणि सदर मिटली.

एवंच, ठाणे गेले, सात नौका पडल्या, मंडळी दाही दिशांस पांगली, कोणाचा ठाव कोणास लागला नाही. पुढे सेवकाने दुसऱ्या राज्यात चाकरी धरिली. तेथे पहिल्याच दिवशी त्याने स्पष्ट स्वरात आपले नाव सांगितले, आणि कोणीसे म्हणाले, "बरं." इतके वृत्त जाहले.