चारशे नऊ चुकांचा प्रबंध

अक्षताला डॉक्टरेट मिळाली. पण निकाल आधी कळला की वाचक पुढे वाचत नाहीत, म्हणून तो लागलेलाच नाही असे धरून चालू.

वाक्यरचनेचे शास्त्र चुकीच्या वाक्यांवर उभे असते. बरोबर वाक्ये कोणीही बोलतो. त्याला शिष्यवृत्ती मिळत नाही. अक्षताचा विषय होता बास्क या स्पेनकडच्या भाषेतल्या आणि इंग्रजी वाक्यांची रचना. पद्धत अशी, की ती ती भाषा बोलणाऱ्या माणसाला वाक्य वाचून दाखवायचे आणि त्याने बरोबर की चूक ते सांगायचे. चूक म्हणाला की वाक्यावर फुली. गाइडबाईंना किमान चाळीस फुल्या हव्या होत्या आणि अक्षताचा व्हिसा जुलैत संपत होता.

बास्क बोलणारा तिला एकच सापडला, शेजारच्या लोअर हट गावचा मिकेल. मेंढ्यांची लोकर कातरून निवृत्त झालेला. पण तीस वर्षे न्यूझीलंडमध्ये काढल्यामुळे समोरच्याला ‘चुकलं’ म्हणायची त्याची शक्ती गेली होती. चारशे बारा वाक्यांना तो तिथल्या बोलीत ‘झकास’ अशा अर्थी ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाला. (त्यातली साठ अक्षताने मुद्दाम मोडून आणली होती.)

रविवारी ती जॉन्सनव्हिल उपनगरातल्या मराठी मंडळात रडवेली बसली होती. शेजारी गुरुनाथकाका, पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. तिने सहज एक बास्क वाक्य वाचले.

“चूक,” काका म्हणाले.

“काका, तुम्हाला बास्क येतं?”

“त्यात येण्यासारखं काय आहे गं? कानाला कळतं. पुढचं वाच.”

चारशे नऊ वाक्ये चूक निघाली. (उरलेल्या तीन वाक्यांच्या वेळी काका बटाटेवडा खात होते.) विद्यापीठाच्या फॉर्मवर वय आणि सही एवढेच विचारले होते. ‘आपल्याला ही भाषा येते का?’ हा प्रश्न नीतिमत्ता समितीने अपमानास्पद म्हणून पूर्वीच काढला होता. अक्षताने डोळे मिटून काकांची सही घेतली. परीक्षकांनी ‘निर्णयातील दुर्मीळ ठामपणा’ वाखाणला.

प्रबंधाची एक प्रत मिकेलला गेली. आपली आई रोज जे बोलायची ते फुल्यांखाली पाहून तो अक्षताला म्हणाला, “स्वीट अ‍ॅज.” तेव्हापासून तो गावाकडच्या बहिणीशी फोनवर इंग्रजीत बोलतो. बहिणीला इंग्रजी येत नाही. अक्षताला हे कळले, तेव्हा तिची पदवी फ्रेम होऊन आली होती.

सबब, या कथेतली वाक्ये चूक असल्याचे कळवू इच्छिणाऱ्या वाचकांनी, कथा शेवटपर्यंत वाचल्याचा दाखला तक्रारीसोबत जोडावा, ही नम्र विनंती.