दोन उपग्रह आणि पोतंभर वांगी

माझं नियोजन कधी चुकत नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईचं नियोजन चुकायला लागलं, तर उरलेल्या जगाने पाहायचं कुणाकडे? हे मी १९८९च्या जानेवारीत, यावल तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत उभी राहून स्वतःशीच म्हटलं होतं. तेव्हा बांधावर अजून काही पेटलेलं नव्हतं.

काम तसं सोपं होतं. फ्रान्सचा एक उपग्रह आणि आपला एक, असे दोघे एकाच सकाळी, थोडंसं अंतर ठेवून आमच्या डोक्यावरून जाणार होते. दोघांनी याच बागेचा फोटो काढायचा आणि आम्ही त्याच वेळी खाली पानांवरून परतणारा उजेड मोजायचा. मग दोन्ही देशांनी फोटो शेजारी शेजारी ठेवायचे आणि केळी आकाशातून ओळखता येते का ते ठरवायचं. जमलं, तर पुढची तीन वर्षं हा संयुक्त प्रकल्प खानदेशात. नाही जमलं, तर तो तामिळनाडूतल्या केळीत जाणार आणि माझी हंगामी नोकरी इथेच संपणार!

"सगळं तुमच्यावर आहे, बाई," आमचे प्रमुख देवरेसाहेब भुसावळच्या विश्रामगृहावर म्हणाले होते.

"निर्धास्त राहा, सर!"

म्हणून आदल्या दिवशीच मी बागेचे मालक तोताराम आबा यांना सगळं समजावून सांगितलं.

"आबा, उद्या बागेला पाणी द्यायचं नाही. पान कापायचं नाही. बागेत कुणी शिरायचं नाही."

"नाही शिरत. पन पाहुने किती येतीन?"

"पाहुणे एकच. फ्रान्सचे ब्रुनेसाहेब."

"आन् वरून?"

"वरून दोन. एक त्यांचा, एक आपला."

आबांनी गंभीरपणे मान हलवली. मला वाटलं, विषय कळला. त्यांना तो कळलाच होता. फक्त त्यांच्या मते तो स्वयंपाकाचा होता.

सकाळी ब्रुनेसाहेब तिवईवर उजेड मोजायचं यंत्र लावून बागेत बसले. आकाश चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं. मी घड्याळ पाहिलं. फ्रान्सचा उपग्रह यायचीच वेळ. आणि मागे बांधावर काहीतरी कडकडलं!

बघते तर पाच ठिकाणी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ! भोवती निम्मं गाव! आणि त्या जाळात भरतासाठी नावाजलेली बामणोदची वांगी, पोतंभर!

"आबा! हे काय?"

"भरीत! थंडीचा पाहुना आला आन् भरीत-पुरी नाही, असं होते का? साता समुद्रापलीकळून आला बिचारा!"

"अहो, बागेत कुणी यायचं नाही म्हटलं होतं ना मी?"

"बागेत कोन हाये? आम्ही बांधावर हायेत!"

बांध हा शब्द माझ्या सूचनांत नव्हता.

"पण पाच पाच जाळ?"

"तुम्हीच बोलल्या ना, दोन देशांचं काम हाये?" आबांच्या घरच्या सुमनबाई पुरीची कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या. "दोन देशांले दोन वांगी पुरतीन का, माय?"

मी पुन्हा घड्याळ पाहिलं. फ्रान्सचा उपग्रह गेला होता, आणि त्याच्या फोटोत आता धूरच असणार! एक देश हातचा गेला! नोकरी निम्मी गेली! आता निदान आपला देश तरी वाचवायला हवा होता.

"विझवा!" मी ओरडले. "पाणी ओता!"

एरवी या गावात चार माणसं एका मतावर यायला आठवडा लागतो. पण बाईंचा जीव कासावीस झालेला पाहून सगळे धावले. शेजारच्या मळ्यातल्या बेबाबाईंनी घागर आणली, लोटन गड्याने हंडा आणला, आबांनी पिण्याच्या पाण्याचा माठच उचलला. पहिली बादली मात्र मी मारली. हौदातून भरून, काठोकाठ!

धगधगत्या काड्यांवर पाणी पडलं की काय होतं, हे सातवीतलं पोरही सांगेल. मला ते बादली रिकामी झाल्यावर आठवलं.

फुस्सऽऽ! भुसावळ यार्डातल्या सगळ्या इंजिनांनी एकदम वाफ सोडावी तसा पांढराशुभ्र, जाड, गादीत भरण्याजोगा धूर उठला, बागेकडे वळला आणि तिच्यावर पसरून आरामात बसला. ब्रुनेसाहेब दिसेनासे झाले. आतून फ्रेंच भाषेतला खोकला तेवढा ऐकू येत होता. आणि नेमका त्याच वेळी, वरून, आपल्या देशाचा उपग्रह गेला.

"सारी वांगी भिजवली बाईनं!" सुमनबाईंनी कपाळावर हात मारला.

ब्रुनेसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा झाला होता. ते थेट पंगतीत बसले. अर्धकच्च्या भरताबरोबर त्यांनी इतक्या पुऱ्या खाल्ल्या, की सुमनबाईंनी मला निम्मं माफ केलं. उरलेलं निम्मं देवरेसाहेबांच्या हातात होतं.

होळीच्या सुमारास नागपूरला बैठक झाली. भिंतीवर दोन्ही फोटो लावले होते. फ्रान्सच्या फोटोत आबांची बाग लालभडक आणि रेखीव. या फोटोंत हिरवळ लालच दिसते. धुराचा मागमूस नाही! वाळक्या काड्यांचा नुसता जाळ असतो, धूर असा फारसा नसतोच. आपल्या फोटोत मात्र तीच बाग गायब, आणि तिच्या जागी कुणी दह्याचं बोट पुसल्यासारखा पांढरा फराटा.

"पहिला इतका स्वच्छ," देवरेसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मग मधल्या वेळात असं झालं काय?"

मी माझ्या चपलेच्या अंगठ्याचं बारकाईने निरीक्षण सुरू केलं.

"पाहुणचार!" ब्रुनेसाहेब म्हणाले. सुमनबाईंनी शिकवलेला तेवढा एकच शब्द त्यांना येत होता. मग इंग्रजीत त्यांनी ठणकावून सांगितलं, की फ्रान्सच्या फोटोत केळी ओळखू येते आहे, तेव्हा प्रकल्प खानदेशातच राहावा, आणि पुढच्या थंडीत प्रयोग पुन्हा व्हावा. बाग तीच, आबा तेच, बाई याच. भरीतही हवंच.

देवरेसाहेब तयार झाले. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर ब्रुनेसाहेबांनी एक अट घातली. ती पुरती बोलून व्हायच्या आत देवरेसाहेबांनी लिहूनही घेतली. दिवसभरात दोन्ही देशांचं चर्चेशिवाय एकमत झालं ते तेवढ्या एकाच मुद्द्यावर: प्रयोगाच्या वेळी बाईंच्या आसपास बादली ठेवू नये.