डोमा काकाजींचा फाइलींचा दवाखाना

आमच्या साकोलीच्या कॉलनीत कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं की डोमा काकाजी आधी हात धुतात. नुसते ओले करत नाहीत. लाल साबण लावून कोपरापर्यंत धुतात, दुपट्ट्याने कोरडे करतात आणि मग पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून उजेडाकडे नेतात.

"कवापासून आहे हे?"

"काय, काकाजी?"

"हेच. चालत नाही म्हणून."

"कालपासून."

"आवाज येते?"

"येतो."

"अन् चित्र?"

"काळं."

"मंग पोटाचं नाही, डोयाचं आहे. बस."

हा विनोद नव्हे. डोमा काकाजी तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होते. पट्टीबंधक म्हणजे काय, हे ते स्वतःच सांगतात: "डॉक्टर इंजेक्शन सांगते, पट्टीबंधक शिंगं धरते." भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा बरोबरीचे अर्धे लोक तिकडे गेले. काकाजी इकडेच राहिले आणि एकोडीकडच्या गावांतले बैल तपासत तपासत निवृत्त झाले. शिक्षण सातवी. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझा बाप राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि मी पंचायत समितीत टेबलामागे बसते, हे मी कुणालाही मान वर करून सांगते. पण व्हिडिओच्या बाबतीत मी काकाजींच्या पायरीखाली बसते, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगते.

हा नाद त्यांना मुलामुळे लागला. विजय पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा गेम खेळायचा डबा घरीच राहिला. टीव्हीला जोडायचा, दोन दांड्यांचा रिमोट असलेला तो काळा डबा. काकाजींनी त्यावर आजवर एकही गेम खेळला नाही. "मोटारी पळवते, ठोकते, पुन्हा पळवते. कायले?" पण दारात बांधलेलं जनावर रिकामं उभं राहिलेलं त्यांना बघवत नाही. त्या डब्याला पेनड्राइव्ह लावला की सिनेमा दिसतो हे कळलं, आणि त्यांनी त्याला कामाला जुंपलं.

डबा मात्र नखरेल निघाला. एक फाइल खाई, दुसरी थुंकून टाकी. तिसरीचं चित्र दाखवी, आवाज गिळी. चौथी तासभर नीट चालवून नेमकी शेवटच्या मारामारीत अडे. दुसरा कुणी असता तर डबा माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. काकाजींनी केसपेपर काढला.

अजूनही प्रत्येक फाइलचा केसपेपर असतो. नाव, गाव, वजन, तक्रार, उपचार. वजन म्हणजे किती जीबी. चारच्या वर वजन गेलं की पेनड्राइव्ह तिला घेत नाही. "फाटक लहान, म्हैस मोठी. दोन तुकडे करा लागते." नाव, गाव लिहून झालं की ते संगणकावर फाइलचं फक्त एक मिनिट डब्याला पचेल अशा प्रकारात बदलून बघतात. ते डब्याने खाल्लं तरच पूर्ण फाइल. ती झाली की सुरुवात, मध्य आणि शेवट तपासायचा. शिवाय जिथे नाच असेल ती जागा हमखास. "नाचात चित्र फाटते. उभ्या माणसावर कोणीही पास होते."

"पयले तपास, मंग दवा," हे त्यांचं दिवसातून दहा वेळा.

एकदा मी माझं ज्ञान दाखवायला गेले. म्हटलं, "काकाजी, एवढा खटाटोप कशाला? फाइलच्या नावाच्या शेवटची तीन अक्षरं बदला ना. डब्याला वाटेल, आपलीच आहे."

काकाजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बैलाच्या गयात 'गाय' म्हणून पाटी टांगली, त दूध देईन काय, पदवीधर बाई?"

त्या दिवसापासून मी सूचना देणं बंद केलं.

आता काकूंविषयी सांगायला हवं. पार्बता काकू म्हणजे आमच्या भागातल्या नाटकांचा चालताबोलता हजेरीपट. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, मंडईला नाटक असतं, आणि काकू एकही मंडई सोडत नसत. कोणत्या गावात कोणत्या नटाचं धोतर सुटलं, हेसुद्धा त्यांना पाठ. तीन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. विजयने मशीन आणून दिलं. त्यातून नुसती खरखर येते म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं.

त्यानंतरही दोन मंडया त्या आमच्याबरोबर आल्या. मी शेजारी बसायचे. त्या रंगमंचाकडे बघतच नसत, आमच्या तोंडांकडे बघत. आम्ही हसलो की क्षणभर थांबून त्याही हसत. सगळ्यांचं संपल्यावर एकट्या. मग मागचे लोक वळून बघत. तिसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "तुमी जा वो, मी तांदूय निवडतो." आणि घरातल्या टीव्हीकडेही पाठ करून बसू लागल्या.

काकाजी मला एकदाच त्याबद्दल बोलले, तेही केसपेपरावरून मान वर न करता. "तिले एकडाव पुरं नाटक दाखवाचं आहे. पडदा उघडते तवापासून पडते तवापर्यंत. तिनं मधातून उठून जाऊ नाही. बाकी काही नाही."

यंदा आमच्या मूळ गावच्या, दिघोरीच्या मंडईतलं नाटक शूटिंगवाल्याने पूर्ण टिपलं होतं. त्यात माझा मोठा भाऊ सासऱ्याचं विनोदी काम करतो. मी पेनड्राइव्ह काकाजींकडे दिला. त्यांनी हात धुतले, वजन केलं, नाव, गाव लिहिलं. मला वाटलं, परवा मिळेल.

आठ दिवस झाले. "तपास चालू आहे." पंधरा दिवस झाले. "आवाज घसरून राहिला." बाकीच्यांच्या लग्नाच्या, बारशाच्या फाइली दोन दोन दिवसांत बऱ्या होऊन घरी जात होत्या आणि माझा भाऊ तेवढा भरतीच!

"काकाजी, नाटक पाठ करून राहिले काय? माझ्या भावाच्या जागी तुम्हीच उतरता का आता स्टेजवर?"

"घाई कोणाले आहे? तुले का नाटकाले?"

बाविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी सरळ आत शिरले. काकाजी कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसले होते. पडद्यावर माझा भाऊ तोंड उघडून थांबलेला. काकाजींनी त्याला पुढे नेलं, एक वाक्य बोलू दिलं, थांबवलं, आणि एका बोटाने टाइप करू लागले. चित्राखाली मोठी पिवळी अक्षरं होती.

त्यांनी अख्खं नाटक लिहून काढलं होतं. पुस्तकी नाही, जसं बोललं तसं. "काहून गा, जावई, मिशी कोठं ठेवून आला?" नुसते संवादच नव्हते. दार वाजलं तर "दार वाजलं." तबला सुरू झाला तर "तबला." एका ठिकाणी "मांगं कुत्रा भुकते." म्हणजे आमच्या दिघोरीचा खरा कुत्रा, नाटकातला नव्हे. आणि एका ठिकाणी "पेटी जराशी बेसूर", हे काकाजींचं स्वतःचं मत.

मी विचारलं, "अक्षरांची वेगळी फाइल जोडता येते ना, काकाजी?"

"संगणकाले येते. डबा वाचत नाही. चित्रातच चिकटवा लागते. एकदा चिकटले का निघत नाही. एक चूक सुधारली का पुरं नाटक पुन्हा सहा तास शिजवा. परवा पाचव्या तासाले लाइन गेली."

मी थोडं पुढे नेऊन बघितलं आणि माझ्यातली पदवीधर जागी झाली. "काकाजी, गडबड झाली. अक्षरं आधी येऊन राहिली, आवाज मागून. चार-पाच सेकंदांचा फरक आहे."

"गडबड नाही. तसंच ठेवलं."

"काहून?"

ते पहिल्यांदा खुर्चीवरून माझ्याकडे वळले. "तिची चौथी झाली आहे. होट हालवून वाचते. आवाजाच्या संगं अक्षरं देली त तिचं अर्धं वाचून होते अन् तो नट निंगून जाते. पुन्हा मांगं राह्यते ते. म्हणून मी तिले चार दिवस पेपर वाचाले देला, अन् घड्याय घेऊन समोर बसलो. किती अक्षराले किती सेकंद. लहान वाक्याले दोन सेकंद आंदी, मोठ्याले पाच."

"काकूंना कळलं नाही?"

"ते म्हणे, माहे डोये तपासता काय? मी म्हटलं, हो."

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी आम्ही शेजारचे सात-आठ जण त्यांच्या हॉलमध्ये जमलो. काकू यायला तयार नव्हत्या. काकाजींनी त्यांच्या हातातलं तांदळाचं सूप काढून घेतलं आणि खुर्ची टीव्हीपुढे ओढली. स्वतः मात्र बसले नाहीत. डब्याजवळ उभे राहिले, त्याच्या पाठीवर हात ठेवून, अंग तापलं का बघावं तसे.

पडदा उघडला. पिवळी अक्षरं आली. काकूंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग डोळे बारीक केले, मग त्यांचे ओठ हलू लागले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. चेहऱ्यावर काही नाही. एकदा त्या खुर्चीचे हात धरून जरा उचलल्या. काकाजींचा श्वास थांबलेला मला दिसला. पण त्या नुसत्या पुढे सरकून बसल्या.

मग माझा भाऊ, म्हणजे सासरा, जावयासमोर येऊन उभा राहिला. अजून काही बोललाही नव्हता. त्याने मिशीला पीळ दिला, खाकरला, आणि एवढ्यात काकू हसल्या. तोंडाला पदर लावायचंही विसरून, खदखदा, खुर्ची हलेपर्यंत. खोलीतले आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. "आता पाहा, आता पाहा काय म्हणते हा बुडा!" असं त्या डोळे पुसत आम्हालाच सांगू लागल्या, त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं त्या मोठ्या आवाजात. ते ऐकून आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेचना. काकाजी तर डब्यावरचा हात काढून भिंतीला टेकले.

या सगळ्या गोंधळात माझ्या भावाने आपला विनोद केला. तोंड हललं, जावई लाजला, दिघोरीची अख्खी मंडई टाळ्या वाजवू लागली.

तो विनोद काय होता, हे खोलीतल्या चांगल्या कानांच्या एकाही माणसाला ऐकू आलं नाही.