दोन सीटांची गाडी, चार हलकी चाकं

हलकी चाकं बसवली की दोडामार्ग जवळ येणार, असं गुरुदास धामापुरात भेटेल त्याला सांगत होता. ऐकणाऱ्यांना वाटायचं, गाडीचं वेड. खरं कारण होती विनीता. लग्नाला वर्ष होतंय तोच तिची बदली दोडामार्गच्या एका कचेरीत झाली. शुक्रवारी संध्याकाळी एसटीने ती यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. मधले दिवस गुरुदास काजूच्या बागेत झाडांशी बोलत काढायचा; पण झाडं काही 'जेवलात काय?' म्हणून विचारत नाहीत.

याच विरहात त्याने गोव्याहून एक जुनी, लाल, दोनच सीटांची स्पोर्ट्स गाडी आणली. आता शुक्रवारी विनीताला आपणच आणायचं, आणि एसटी वाटेत रेंगाळण्यात घालवते तो सगळा वेळ तिच्यासोबत काढायचा, हा बेत.

कुडाळात त्याचा शाळासोबती सुशांत याचं गॅरेज होतं. त्याने लोखंडी चाकं काढून हलकी अलॉय चाकं आणि रुंद टायर बसवले. नवं चाक त्याने दोन बोटांवर उचलून दाखवलं, तेव्हा गुरुदासच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मग एकेक चक्कर दोघांनी मारून पाहिली, आळीपाळीने, एकेकट्याने. गाडी पाखरासारखी पळाली.

शुक्रवारी तो कचेरीबाहेर हजर. विनीताने चाकांकडे पाहिलं, मग त्याच्या नव्या शर्टाकडे, आणि हसत आत बसली. गाडी पहिल्या वळणावर गेली मात्र, विळीवर नारळ खवल्यासारखा आवाज आला. दोघांच्या वजनाने गाडी दबली होती आणि डावा रुंद टायर वरच्या पत्र्याला घासत होता.

तिने बॅग मांडीवरून पायाशी ठेवली. आवाज तसाच. मग गुरुदासला सुचलं.

"जरा माझ्याकडे सरक गो."

ती सरकली, त्याच्या खांद्याला टेकली, आणि आवाज थांबला. आठवडाभर ज्याची वाट पाहिली ते असं यंत्रशास्त्राच्या कृपेने मिळालं. त्याने मनोमन त्या चाकांना हात जोडले. पण गुरुदास स्वतः बऱ्यापैकी जेवणारा. पुढच्या खड्ड्यात उजवा टायर करवतला, आणि जळक्या रबराचा वास आला.

गाडी कडेला घेऊन त्याने सुशांतला फोन लावला. पत्रा वाकवून घ्यावा लागेल, तोवर जपून चालव, असं तो म्हणाला. आणखीही काहीतरी म्हणाला.

"काय म्हणता तो?" विनीताने विचारलं.

"लोड कमी करा म्हणता."

"लोड म्हणजे मी?"

"तसा नाय गो."

"मग कसा?"

तेवढ्यात मागून तिची नेहमीची एसटी आली. विनीताने बॅग उचलली, हात दाखवला आणि चढली. जाताना तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, एवढंच.

मग लाल गाडी एसटीमागून निघाली. पुढे काढायची सोय होती, पण कुणासाठी काढायची? विनीता शेवटच्या सीटवर मागच्या काचेशी बसली होती. एसटी थांबली की गुरुदास थांबायचा. ती वळून बघायची, हसायची, आणि एसटी सुटली की धुरळ्यात पुसट व्हायची.

बांद्याला कंडक्टर खाली उतरून गाडीपाशी आला. सोबत पिशवी सांभाळत एक आजोबा.

"साहेब, आमची गाडी भरली. तुमची बाजूची सीट रिकामी आसा. ह्यांका कुडाळापर्यंत सोडशात काय?"

"ती सीट बुक आसा," गुरुदास म्हणाला.

"कोणाच्या नावान?"

गुरुदासने एसटीच्या मागच्या काचेकडे बोट दाखवलं. काचेआडून विनीताने हात हलवला.

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे पाहिलं, आजोबांना एसटीत कसंबसं कोंबलं, आणि डबल बेल दिली.