किन्हीराजापर्यंत गॅस, पुढे दोरखंड

नानाजींच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही. दिलं नाही म्हणजे, देता आलं नाही.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं, असं तुम्ही विचाराल. पण मी फोन उचलत नाही. तो वाजला की दचकतो आणि बंद झाला की सुटल्यासारखं वाटतं. हे ठाऊक असलेले माझे एकमेव मित्र म्हणजे केनवडचे नानाजी. मी रिसोडच्या एका वाचनालयात तेहतीस वर्षं पुस्तकं दिली आणि घेतली. शिकवलं कुणालाच नाही, पण चष्मा जाड असल्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात.

नानाजींचा लग्नाच्या मंडपांचा धंदा आहे. त्यांचा जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला आहे. ती ट्रॉली शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढायचा. शेजाऱ्याने ट्रॅक्टर विकला, तेव्हा नानाजींनी पिकअप गाडी घ्यायचं ठरवलं आणि मला लिहिलं:

'मास्तर, डिझेलची घ्यावं का गॅसची? वजन ओढताना कोणती कमी पेते? मी म्हणतो डिझेल. रंगू म्हणते गॅस. तुमी वाचेल माणूस, तुमी सांगान ते घेऊ. तुमचं उत्तर येईपर्यंत आमी दोघायनं एकमेकाशी बोलनं बंद केलं हाये.'

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. नानाजी आणि रंगूबाईंचा चाळीस वर्षांचा संसार आता माझ्या पेनाच्या टोकाला लटकला होता!

मी गाड्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. उत्तराचे अकरा कच्चे मसुदे लिहिले. प्रत्येकात पहिल्या पानावर डिझेल जिंकायचं, दुसऱ्या पानावर गॅस जिंकायचा आणि तिसऱ्या पानावर मला घाम फुटायचा. मधल्या काळात केनवडहून बातमी आली, की रंगूबाई नानाजींना जेवायला हाक मारत नाहीत, ताट वाजवतात. लग्नसराई तोंडावर आलेली. गाडी नाही, बोलणं नाही, नुसतं ताट!

मग एका सकाळी मला एकदम सुचलं. पुस्तकं कशाला? आपण स्वतः प्रयोग करायचा! आणि प्रयोगही असा, की पुढे वाद घालायला कुणाची जीभ उचलू नये. सांगायला लाज वाटते, पण त्या सकाळी मी आरशात स्वतःकडे जरा कौतुकानेच पाहिलं.

प्रज्वलकडे डिझेलची पिकअप होती, संयमकडे गॅसची. प्रज्वल भाजीपाला वाहतो आणि संयम आपल्या वडिलांच्या धान्याच्या दुकानाचा माल. दोघेही वाचनालयात पेपर वाचायला यायचे आणि गाड्यांवरून भांडायचे. मोहनसिंग पाण्याचे टँकर भाड्याने देतो. त्याच्याकडून हजार हजार लिटरच्या दोन सारख्या ट्रॉल्या घेतल्या आणि दोन्ही काठोकाठ भरल्या.

"पानी कायले मास्तर?" प्रज्वलने विचारलं.

"एक लिटर पाणी म्हणजे एक किलो! दोन्ही गाड्यांना वजन अगदी सारखं. ग्रॅमचाही फरक नाही!"

दोघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. तसं यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. पुढचं सगळं त्या आदरामुळेच बिघडलं.

बेत सोपा होता. टाक्या भरून निघायचं, किन्हीराजाला माझ्या थोरल्या बहिणीकडे, चंपाबाईकडे जेवायचं, परत यायचं आणि टाक्या पुन्हा भरायच्या. जितकं मावेल तितका खर्च!

"संयम, गॅस भरला ना?"

"भरला ना मास्तर, एकदम फुल!"

जाताना सगळं ठीक चाललं होतं. मी प्रज्वलशेजारी वही घेऊन बसलो होतो. केनवड आलं तेव्हा मान खाली घातली, न जाणो नानाजी दिसायचे. किन्हीराजाला पोहोचलो तेव्हा ऊन असं होतं, की कुत्रीसुद्धा सावली बदलायला तयार नव्हती.

चंपाबाईने पानावर बसवलं. पहिला घास तोंडात गेला आणि बाहेरून आरोळी आली, "पानी आलं व माय! दोन दोन टँकर आले!"

मी धावत बाहेर आलो. पितळेचे गुंड, बादल्या, घागरी, एका बाईच्या हातात तर कुकर! प्रज्वलच्या टँकरची तोटी उघडलेली आणि पुढे रांग लागलेली. रांगही माझ्या प्रयोगापेक्षा जास्त शिस्तीत!

"अहो... बाई... हे पाणी प्रयोगाचं आहे," मी म्हणालो. म्हणजे पुटपुटलो.

"होऊ द्या ना परयोग!" पहिली बाई म्हणाली. "आमी कुठं नाई म्हनून राह्यलो? एवढा गुंड भरू द्या, मंग करा परयोग!"

चैत्रात पाणी भरणाऱ्या बाईला थांबवायचं म्हणजे छातीत वाघ पाहिजे. माझ्या छातीत वाचनालय! मी बाजूला सरकून उभा राहिलो, आणि एका आजीची घागर तिच्या डोक्यावर चढवूनही दिली.

प्रज्वलचा टँकर अर्ध्या तासात कोरडा झाला. संयमचा मात्र भरलेलाच राहिला, कारण तो टँकरची तोटी भिंतीला अगदी चिकटेल अशी गाडी लावून, आत एसी सुरू करून, काचा बंद करून झोपला होता. दोन तास!

म्हणजे परतताना डिझेलच्या मागे वारा आणि गॅसच्या मागे हजार किलो. मी वहीत तशी नोंद केली. प्रयोगात प्रामाणिकपणा हवा.

गाव सोडलं आणि सहज डिझेलच्या काट्याकडे नजर गेली. टाकी काठोकाठ! सकाळी निघालो तेव्हा होती तशीच!

"प्रज्वल, हा काटा बिघडला का?"

"नाई मास्तर. तुमच्या बहिनीनं टाकली ना कॅन. ट्रॅक्टरसाठी घरात डिझेल होतं."

"कॅन? आणि तू टाकू दिली?"

"मी नाई म्हनलं. तं मावशी म्हने, भाऊ दोन वर्षांनी आला, त्याची गाडी काय उपाशी धाडू? मले म्हने, तू जेवला, गाडी नाई जेवली!"

मी हिशेब केला. इतके किलोमीटर धावून डिझेल शून्य. उत्तर अनंत आलं. वही मिटली.

तेवढ्यात मागून हॉर्न. संयमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. गॅस संपला! गॅसच्या गाडीत अडीअडचणीला थोडं पेट्रोल असतं, तेही मागेच संपलेलं.

"अरे, तू तर फुल भरला होता!"

"भरला होता ना मास्तर. परवा! मधात वाशीमची एक खेप केली, हिंगोलीची एक. तुमी भरला काय ते विचारलं, कवा भरला ते कुठं विचारलं?"

"मग टँकरचं पाणी सोडून दे, गाडी हलकी होईल," मी म्हणालो.

"पानी फेकायचं? चैतात?" दोघेही एकदम ओरडले. त्यांचं खरं होतं. मला माझीच लाज वाटली.

शेवटी दोरखंड बांधला. पुढे डिझेलची पिकअप, तिच्यामागे रिकामा टँकर, त्यामागे गॅसची पिकअप, त्यामागे भरलेला टँकर. रिसोडला रेल्वे नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं अर्ज करताहेत. त्या दुपारी ती आली असती, फक्त केनवडला दोरखंड तुटला. आणि कुठे तुटला? नानाजींच्या दारात!

नानाजी बाहेर आले. मागून रंगूबाई. दोघांनी आगगाडी पाहिली, मग मला पाहिलं.

"बाप्पा बाप्पा! मास्तर?" नानाजी म्हणाले. "तुमी काय करून राह्यले इथं?"

"तुमच्या पत्राचं उत्तर," मी म्हणालो. घसा कोरडा पडला होता, आणि मागे हजार लिटर पाणी!

नानाजींनी दोरखंड पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मास्तर, तिले सांगा! डिझेलनं गॅसले ओढत आनलं म्हना!"

रंगूबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, त्यायले सांगा, गॅसची गाडी गॅस नसून घरापर्यंत आली! याच्याहून सस्तं काय पाह्यजे?"

"मास्तर, तिले म्हना, लोकायच्या डिझेलवर आली ते!"

"मास्तर, त्यायले म्हना, तुमी चाळीस वर्सं कोनाच्या ट्रॅक्टरवर धंदा केला?"

"तुह्या भावाचा नोता तो ट्रॅक्टर!" नानाजी थेट तिच्यावरच ओरडले.

"माह्या भावाले मधात नका आनू तुमी!" रंगूबाई थेट त्यांच्यावर ओरडल्या.

आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. दोन महिन्यांनी ते एकमेकांशी बोलले होते. रंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, मला कळलं नाही. मी दुसरीकडे पाहिलं.

प्रज्वल दोरखंडाला गाठ मारत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "नानाजी, जनरेटर घेऊन किती लांब जाता तुमी?"

"लांब कायले? वरच्या आळीतून खालच्या आळीत. बाहेरगावचं काम आमी घेतच नाई, जेवायले उशीर होते."

"आन गॅसचा पंप?"

"तो तं डिझेलसारखा जवळ नाई, तिकडं लांब हाये. दीड तासाच्या वाटेवर."

प्रज्वलने गाठ आवळली. "मंग तुमी गॅस भरून घरी येईपर्यंत, जनरेटर वर्षभर ओढला त्याच्याहून जास्त गॅस लागते."

दोन महिने, अकरा मसुदे, दोन हजार लिटर पाणी, आणि 'किती लांब' हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता! मी वही पाठीमागे लपवली.

"म्हंजे डिझेल," नानाजी म्हणाले.

"पोट्टं म्हनते म्हनून मी नाई मानत," रंगूबाई म्हणाल्या. "मास्तरायनं लेखी द्यावं. सहीनिशी! मंग मानीन."

त्या रात्री मी बारावा मसुदा लिहिला. एका ओळीचा: 'डिझेलची घ्या.' खाली सही केली. आज दुपारी पोस्टात गेलो, पत्र पेटीत टाकलं, ते आत पडल्याचा आवाज ऐकला आणि ताठ मानेने वळलो.

दहा पावलं गेलो असेन. मनात आलं, उद्या केनवडलाच गॅसचा पंप निघाला तर?

पेटी चार वाजता उघडतात म्हणे. आता पावणेचार झालेत. हे सगळं मी पेटीसमोरच्या पानटपरीच्या बाकावर बसून लिहितो आहे. पोस्टमनला काय सांगायचं, त्याचा कच्चा मसुदा अजून जमत नाही.